साठलेल्या पाण्यातले परजीवी



धार-देवासच्या पवारांच्या गाद्यांमुळे मराठी इथे जवळजवळ तीनशे वर्षे नांदते आहे. माशांच्या परजीवींवर बोलायलाही ही जागा योग्य आहे. मही धार जिल्ह्यात उगम पावते, कालीसिंध देवास जिल्ह्यात. दक्षिणेला दोन्ही जिल्ह्यांना नर्मदेची साथ. 2019 मध्ये नर्मदेवरचे सरदार सरोवर धरण 138.68 मीटरपर्यंत भरले आणि धारमधली निसरपूर, चिखल्दा ही गावे पाण्याखाली गेली. माणसांचे हाल आपण पाहिले. पाण्याखाली काय बदलले, ते अजून नीट पाहिलेले नाही.

वाहते पाणी थांबले की गोगलगायी आणि सायक्लॉप्ससारखे बारीक जीव यांना फावते. कित्येक पर्णकृमी गोगलगायीतून माशात आणि माशातून बगळ्यात जातात. अनेक पट्टकृमी सायक्लॉप्सच्या कुळातल्या जीवांमार्फत माशाच्या पोटात शिरतात. म्हणजे धरण बांधताना आपण या साखळीलाही घर बांधून देतो.

हे शास्त्र मराठी माणसांना नवे नाही. नागपूरच्या मोघे यांनी 1925 मध्ये मागूर माशातल्या पट्टकृमीचे वर्णन प्रसिद्ध केले; 1980 मध्ये शिंदे आणि जाधव यांनी वाम माशातल्या एका जातीला गोदावरीचे नाव दिले. या परंपरेचा मला अभिमान आहे. तरीही स्पष्ट सांगते: नव्या जातीचे नाव जाहीर करण्याच्या ओढीत आपण पाणी, ऋतू आणि माशाची प्रकृती नोंदवायला कमी पडलो. एखादा कृमी किती माशांत, कोणत्या महिन्यात सापडला, हे कळल्याशिवाय मच्छीमाराच्या हाती काय येणार?

कतला-रोहूच्या अंगावरची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, घ्या. मादी मासा सोडून दगडा-लाकडावर अंडी घालते. म्हणून तळ्यात फळ्या किंवा बांबू सोडतात आणि अंड्यांसह बाहेर काढून वाळवतात. मैलोन्‌मैल पसरलेल्या जलाशयात हा उपाय पुरणार नाही, औषध ओतणे तर अशक्यच. तिथे मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तपासणे हाच शहाणपणा.

आणि हे ऐकून कुणी मासे खाणे सोडू नये. नीट शिजवलेल्या माशातले कृमी जिवंत राहत नाहीत.

दुपारच्या सत्रात आधी मच्छीमार मंडळी बोलतील. निबंध त्यानंतर वाचले जातील. कृपया सर्वांनी वह्या घेऊन पुढे बसावे.