शुश्रूषा करणाऱ्याचे मन



रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या प्रकृतीची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. रात्रीची जागरणे, औषधांच्या खर्चाची विवंचना आणि घरी राहिलेल्या मुलांची काळजी हे सारे तो मुकाट्याने सोसतो. स्वतःसाठी तासभर काढणेही त्याला अपराधासारखे वाटते. वास्तविक तो तास रुग्णाच्याच उपयोगी पडतो. कारण झोप अपुरी झाली की चिडचिड वाढते, लक्ष विचलित होते आणि औषधाची वेळ वा मात्रा चुकण्याचा संभव असतो.

उपाय साधेच आहेत. घरातील दोघा-तिघांनी पाळ्या ठरवून घ्याव्यात. पाळी संपलेल्याने घरी जाऊन झोपावे, वेळेवर जेवावे, सकाळी अर्धा तास मोकळ्या हवेत चालावे. मनातील भीती विश्वासातील व्यक्तीजवळ बोलून दाखवावी. झोपेसाठी मद्याचा किंवा परस्पर आणलेल्या गोळ्यांचा आधार घेऊ नये.

तथापि उदासीनता, निद्रानाश किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे टिकून राहिले, तर तो मनाचा दुबळेपणा न मानता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटू लागल्यास एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य समुपदेशन मिळते. मराठीतूनही बोलता येते.

देणगीदारहो, आपण खाटा आणि यंत्रे दिलीत. त्यांच्या जोडीने, नातेवाइकांना रात्री पाठ टेकता येईल अशा जागेचाही विचार व्हावा, ही नम्र विनंती.