हाओरीचे अस्तर



जपानी पुरुष किमोनोवर जो आखूड, समोरून उघडा राहणारा आणि छातीपाशी रेशमी दोरीने सैल बांधलेला अंगरखा घालतात, त्याला हाओरी म्हणतात. समारंभाची जुनी हाओरी पाहावी तर काळीभोर. पाठीच्या मध्यावर एक, बाह्यांच्या मागील अंगास दोन आणि छातीवर दोन अशी पाच शुभ्र कुलचिन्हे वगळता तिच्यावर नक्षी म्हणून नाही. परंतु तीच हाओरी उलटी करून पाहिली, की रेशमी अस्तरावर कोठे फूजी पर्वत, कोठे पाइन वृक्षावर विसावलेला ससाणा, तर कोठे वेळूच्या बनातून बाहेर पडणारा वाघ अवतरतो.

हे वैभव आत का गेले, याचे उत्तर पुष्कळ अंशी राज्यकारभारात आहे. १६०३ पासून १८६८ पर्यंत चाललेल्या तोकुगावा घराण्याच्या अंमलात व्यापाऱ्याचा दर्जा समाजात खालचा, आणि पैसा मात्र त्याच्याच तिजोरीत, अशी विसंगती निर्माण झाली. ती झाकण्यासाठी सरकारने पोशाखावर निर्बंध घातले. १६८३ च्या हुकुमाने तर स्त्रियांच्या वस्त्रांतील जरीकाम व भरतकाम यांना मज्जाव केला. वरच्या कापडावर सरकारची नजर होती, म्हणून एदो शहरातील धनिकांनी आपली हौस अस्तराकडे वळविली. आणि पुढे, मिरविण्यापेक्षा झाकण्यातच खरी रसिकता आहे, अशी त्या नगरीची अभिरुचीच बनली.

या चित्रांतील कारागिरी विलक्षण आहे. युझेन पद्धतीत तांदळाच्या लगद्याची बारीक रेघ ओढून आकृती आखतात, त्या बांधाच्या आत रंग भरतात, वाफ देऊन तो पक्का करतात आणि मग लगदा धुऊन काढतात. उरते ती प्रत्येक पाकळीभोवतीची पांढरी, केसासारखी रेषा. दीर्घायुष्यासाठी क्रौंच आणि कासव, तर हिवाळ्यातही न खचणाऱ्या वृत्तीची खूण म्हणून पाइन, वेळू आणि प्लम ही त्रयी, असे शुभसंकेत या चित्रांतून पुन्हा पुन्हा येतात.

मात्र १९३० नंतरच्या दशकात याच अस्तरांवर विमाने, रणगाडे आणि सैनिकही उमटले, हे विसरता येत नाही. कारण समाजाच्या अंतःकरणात जे घोळत होते, तेच अंगाशी लागलेल्या रेशमावर उतरले.

म्हणून श्रोत्यांना माझी एवढीच विनंती आहे : एखाद्या संग्रहालयात जुनी हाओरी दृष्टीस पडली, तर काळ्या पाठीवर समाधान मानू नका; तिचे अस्तर दाखविण्याची विनंती अवश्य करा.