वैद्यकाचा कारभार



भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट जेथे ऐकू येतो अशा शेलार गावी आपले संमेलन भरावे, हे मला फार उचित वाटते. कारण वैद्यकीय नेतृत्वाच्या शिक्षणाचा जो प्रश्न मी आज मांडणार आहे, तो येथील एखाद्या क्षयरोग्याच्या मागोमाग चालत गेल्यास जितका स्पष्ट होतो, तितका ग्रंथांतून होत नाही. परप्रांतातून आलेला मागवाला बारा तासांची पाळी करतो, खाणावळीत जेवतो, दाटीच्या खोलीत निजतो, खोकला अंगावर काढतो, आणि किमान सहा महिन्यांचा उपचार सुरू होऊन थोडा आराम पडतो न पडतो तोच मुलुखाकडे निघून जातो. निदान अचूक असते, औषध सरकारातून मोफत मिळते, तरी रोग हटत नाही. त्याच्या जिल्ह्यातील दवाखान्याकडे वेळेवर कागद रवाना करणे, मालकाकडून त्याच्या रजेची हमी घेणे, खोलीतील सोबत्यांची तपासणी करवणे, पाळी सुटल्यावर आशाताईंनी कोणत्या वेळी त्याला गाठावे हे त्यांच्याच सल्ल्याने ठरवणे, या कामांवर त्या रोग्याचे जीवित अवलंबून असते. आणि यांपैकी एकही काम आपण आपल्या पदवीधराला शिकवलेले नसते.

मैदानी मुलुखात सुमारे ३०,००० व आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी शिरस्ता आहे. तेथे रुजू होणाऱ्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यावर रोग्यांबरोबरच औषधभांडार, जमाखर्चाचे दप्तर, परिचारिकांच्या रजा आणि ग्रामपंचायतीच्या तक्रारी हा सारा कार्यभार पहिल्याच दिवशी येऊन पडतो. १९४६ साली भोर समितीने ‘सामाजिक वैद्य’ घडवावा अशी शिफारस केली होती. ती आपण अभ्यासक्रमात दाखल केली, परंतु अमलात आणली असे म्हणण्यास माझे मन धजत नाही.

ज्यांनी ती अमलात आणली ते महाराष्ट्रातच झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला कार्य आरंभून निरक्षर स्त्रियांनाही ग्रामआरोग्याची धुरा दिली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी त्याही पुढचे पाऊल टाकले: ३९ गावांत त्यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात अर्भकाच्या जंतुदोषाची लक्षणे ओळखण्यास आणि प्रसंगी सुईने औषध टोचण्यास शिकवले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात अर्भकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये साधार मांडले. जो अधिकार आपण पदवीचा खास हक्क मानत आलो, तो विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देणे, त्याला दर आठवड्यास शिकवणे, आणि त्याच्या चुकीची जबाबदारी मात्र आपल्या शिरावर ठेवणे, हे किती कठीण आहे याची कल्पना ज्याने परिचारिकेलाही कधी मत विचारले नाही त्याला येणार नाही. नेतृत्वाचे मर्म मला येथे दिसते. मोठ्या शहरांतील दोन दिवसांच्या वर्गांत आणि त्यांच्या प्रशस्तिपत्रांत ते मला सापडलेले नाही.

म्हणून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे या संमेलनाने पुढील विनंती करावी, अशी माझी सूचना आहे. आंतरवासितेतील सामाजिक वैद्यकाच्या काळात प्रत्येक उमेदवाराने एका केंद्राच्या अधिकाऱ्याजवळ बसून औषधांची मागणी स्वतः लिहावी, ग्रामसभेत केंद्राच्या वतीने उत्तरे द्यावी, आणि उपचार अर्धवट सोडून गेलेल्या एका तरी क्षयरोग्याचा ठाव लावून त्याचा उपचार पुन्हा सुरू करवावा. आणि त्याच्या कामाविषयी शेरा लिहिताना अधिकाऱ्याइतकाच तेथील आशाताई व परिचारिका यांचाही अभिप्राय घेतला जावा.