मूळचं कुठलं?



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. भाड्यानं घर बघायला गेलो आणि नाव सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ते ठीक आहे, पण तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगतो, "बार्शीचा." ते काही पटत नाही. आज या प्रश्नाबद्दल बोलायचंय, पण एका कापडाच्या निमित्तानं.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एका जुन्या रेशमी कापडाचे दोन तुकडे आहेत. मोठा तुकडा जेमतेम मीटरभर लांब. त्यावर समोरासमोर उभे हत्ती, काठाला दोन वशिंडांच्या उंटांची रांग. हत्तींच्या पायाखाली कुफी लिपीत अरबी ओळ आहे. सेनापती अबू मन्सूर बुख्तकीनचा गौरव होवो, अल्लाह त्याला दीर्घायुष्य देवो, अशी दुआ. हे कापड खुरासानमधलं, म्हणजे आजचा पूर्व इराण आणि आसपासचा मुलूख. बुख्तकीन ज्या सामानी राजाच्या पदरी होता, त्याच्याच हुकमानं ९६१ साली मारला गेला. त्याच्यासाठी विणलेली दुआ मात्र हजार वर्षं टिकली.

विणकराचं नाव कुठंच नाही. पण माझ्या दृष्टीनं खरा इंजिनिअर तोच. अशा मागावर ताण्याचे कोणते धागे कधी उचलायचे, हे आधीच दोऱ्यांत बांधून ठेवतात. एकदा बांधलं, की तोच हत्ती पुन्हा पुन्हा विणता येतो. १८०४ मध्ये जकारनं हेच काम छिद्रांच्या कार्डांवर सोपवलं आणि पुढे तीच कल्पना संगणकापर्यंत आली. आम्ही लिहितो त्या प्रोग्रॅमच्या घराण्यात हा विणकरही बसतो.

आता कापडाचा पुढचा प्रवास ऐका. ते उत्तर फ्रान्समधल्या सँ-जोस गावच्या चर्चमध्ये पोचलं. पहिल्या क्रुसेडहून परतलेल्या एका सरदारानं ते आणलं, असं मानतात. तिथं ख्रिस्ती संताच्या अस्थी त्यात गुंडाळल्या गेल्या. अल्लाहचं नाव विणलेलं कापड, आणि गावानं ते शतकानुशतकं पवित्र मानून जपलं. १९२२ मध्ये ते लूव्रमध्ये आलं.

मग हे कापड मूळचं कुठलं? नाव तुर्की सेनापतीचं, राज्य इराणी घराण्याचं, लिपी अरबी, उंट मध्य आशियातले, जपणूक फ्रेंच चर्चची. यातला एक धागा 'शुद्ध' म्हणून वेगळा काढायला गेलात, तर हातात नुसता धागा येईल, कापड उरणार नाही.

माणसांचंही तसंच आहे. घरमालकांना मात्र मी अजूनही "बार्शी" एवढंच सांगतो. तेच खरं आहे.