अंगणात आलेली शाळा

गंगाखेड, जिंतूर, पालम भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, तेव्हा लेकरांच्या शाळेचं काय, हा प्रश्न घरोघर उभा राहतो. अशा वेळी आदिवासी मुलांपर्यंत शाळा नेणाऱ्या अनुताई वाघ आठवतात.

बालविवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, तरीही त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांसोबत त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. पुढे त्याच भागातल्या कोसबाडच्या टेकडीवर रमल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागडी साधनं कुठली? चिंचोके, खडे, शंख-शिंपले, पानं यांवरच मोजणी शिकवली. आधी मुलांना न्हाऊ-माखू घालायचं, मग गाणी नि गोष्टी. आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा! गुरं चरतात तिथंच शाळा. मला तर ही कल्पना सगळ्यांत मोलाची वाटते. मुलाचं काम न हिणवता या शाळेनं त्याला अक्षरं दिली.

1973 मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी काम थांबवलं नाही. 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. 1992 मध्ये त्यांचं निधन झालं. बोर्डीला गेल्यापासून उणीपुरी सत्तेचाळीस वर्षं!

आपल्या गावातल्या अंगणवाडीताई आज सकाळीही दारोदार जाऊन लेकरं गोळा करत असतील. भेटल्या की त्यांना अनुताईंची ही गोष्ट जरूर सांगा.