फरक कोण भरतो?



उद्यापासून तुम्हा नव्या पदवीधरांतले काही आंबेनळी घाट चढून साताऱ्याकडे जातील, बरेचसे मुंबई गाठतील. निघताना पोलादपूरला गाडीत पेट्रोल टाकाल, त्यात हल्ली पाचवा हिस्सा इथेनॉलचा असतो. साखर कारखाने घाटापलीकडे. आपल्याकडे भात, नाचणी, वरी. तरी इथेनॉलचा भार आपणही उचलतो. तो कसा, हे पदवीधराला सांगता आलं पाहिजे.

जानेवारी 2003 मध्ये पाच टक्के मिश्रणापासून सुरुवात झाली. 2018 पासून आसवनीच्या कर्जावरच्या व्याजात केंद्राने वाटा उचलला, जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आणला. खरेदीचा दरही सरकारच ठरवतं. कारखान्यांच्या हाती पैसा खेळू लागला, उसाची थकबाकी आटली; हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाऊस कमी झाला, ऊस घटला आणि 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली. मग धान्यावरचा भर वाढला. 2025 च्या सुरुवातीला अन्न महामंडळाने इथेनॉलसाठी तांदूळ दिला क्विंटलला 2,250 रुपयांनी. महामंडळाला तो किलोमागे चाळीसच्या घरात पडतो. मधला फरक इथेनॉलच्या नावावर दिसत नाही, अन्न अनुदानात मुरतो. गुडघाभर चिखलात लावणी केलेल्या घरांतल्या मुलांना हा हिशेब वेगळा समजावायला नको.

आता आपलं जैवइंधन बघा, गोबरगॅस. सकाळी गोठ्यातलं शेण, तेवढंच पाणी, टाकीत हाताने कालवायचं; गाठी राहिल्या की नळी तुंबते. चुलीसाठी लाकडाचा भारा आणणं वाचतं, उरलेली स्लरी शेताला. याचं अनुदान छोटं, पण यादीत नावानिशी दिसणारं. जुन्या योजनेची मुदत मार्च 2021 ला संपली, नव्या कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वं यायला नोव्हेंबर 2022 उजाडला. वित्तीय तूट खाली आणायची म्हटलं की कात्री आधी दिसणाऱ्या रकमेवर चालते. दरात लपलेल्या सवलतीला कोणी हात लावत नाही.

असा हिशेब मागण्याचा धडा आपल्या जवळच आहे. महाडला 1927 मध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक होते. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ 1925 चा. तिजोरीचा हिशेब हा त्यांच्या लेखी कारकुनी विषय नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे. वीस वर्षं पोसलेल्या इथेनॉलला आता तांदूळ पडत्या भावाने देऊ नये. तो पुऱ्या किमतीला घेऊन परवडत असेल तर इथेनॉल जरूर करा. वाचलेल्या पैशातून आधी गोठ्यामागच्या टाक्या बांधा.

तुमच्यातलं कोणी बँकेत बसेल, कोणी पंचायत समितीत, कोणी मंत्रालयात. अंदाजपत्रक हाती आलं की अनुदानाचा आकडा वाचून पान उलटू नका. दर कोणी ठरवला आणि फरक कोण भरतो, हे लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत फाइल सोडू नका.