शिवारातले शेजारी

श्रोतेहो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. पण आपल्याच शिवारात उंदरांच्या तीन-चार जाती वर्षानुवर्षे नांदतात. त्या कशा, हे जाणायचे तर बिळे पाहावीत.

पाण्याखालच्या उसाच्या किंवा भाताच्या शेतात बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला, तर ते घर बहुधा घुशीच्या जातीतल्या काळसर उंदराचे. हा पट्टीचा खोदणारा; ओंब्या ओढून आत कोठार भरतो. गवताळ माळाच्या कोरड्या, भुसभुशीत जमिनीत राहतो तो जर्बिल. त्याच्या लांब शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असतो. मऊ केसांच्या शेतउंदराला फारसे खोदणे जमत नाही. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा त्याला आयत्याच मिळतात. आणि दहा-बारा ग्रॅम वजनाचा चिमुकला उंदीर बांधातच बोटभर तोंडाचे बीळ पाडतो. ज्याचा त्याचा वाटा असा ठरलेला आहे.

पण या वाटणीमागे चुरस असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात जेम्स ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली तिचा शोध सुरू केला. झुडपे-गवताच्या माळावर त्यांनी कुंपणे घातली. काही कुंपणांची भोके अशी ठेवली की मोठ्या कांगारू-उंदराला आत शिरता येऊ नये, लहानांना मात्र यावे. काही काळाने, मोठ्यांना वाट असलेल्या कुंपणांच्या मानाने, येथे दाणे खाणारे लहान उंदीर तिपटीहून अधिक झाले. किडे खाणारे मात्र फारसे वाढले नाहीत. म्हणजे भांडण दाण्याचे होते!

मंडळी, यात आपल्या कामाची गोष्ट आहे. मोकळी झालेली जागा फार दिवस मोकळी राहत नाही. एकट्याने आमिष टाकून आपले रान साफ केले, तरी शेजारच्या रानातले उंदीर तेथे बिऱ्हाड थाटतात. म्हणून मोहीम साऱ्या शिवाराने मिळून, एकाच वेळी काढावी. बांध रुंद वाढू देऊ नयेत, त्यांवरचे तण काढावे. कोरडवाहू रानात नवे पाणी आले, तर ओल आवडणाऱ्या घुशीच्या जातीवर आधी नजर ठेवावी.

शिक्षकबंधूंनी मुलांना शिवारात न्यावे आणि कोठे कसले बीळ आहे, याचा नकाशा काढून घ्यावा. तो नकाशा गावाच्याही उपयोगी पडेल. बिळात हात मात्र कोणी घालू नये; तेथे सापही असू शकतो.